एका बाईची मंडळी

आमच्या चर्चमध्ये नवीन वर्ष कॅलेंडरनं येत नाही, पदांनी येतं. नाताळचा कागदी तारा अजून छपराला लटकत असतो, त्यातला बल्ब केव्हाच गेलेला असतो, आणि खाली व्हरांड्यात लोक एकमेकांचे हात दाबून "जय मसीह की" म्हणत असतात. तोंडानं जय मसीह की. डोळ्यांनी मात्र एकच चौकशी: यंदा तुला काय मिळून राहिलं?

मी पर्चे काढते, म्हणजे छापील पत्रकं. वॉर्डातल्या पाण्याचे, संत्र्याच्या शेडमधल्या बायांच्या मजुरीचे, बंद पडलेल्या बसचे. पर्च्यात मी माणसाचं नाव हुद्द्यासकट ठळक छापते. इथे छापत नाही. एक तर ही माणसं घरची आहेत. माझ्या बाप्तिस्म्याचं पाणी माझ्या डोक्यावर पडलं तेव्हा हीच समोर उभी होती. दुसरं म्हणजे नाव छापून आलं तर यांना तेही एक पद वाटेल.

मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्णा आणि सौसरच्या टापूत मेथडिस्ट घरं अशी किती? कोणी मास्तर, कोणी नगरपालिकेत, कोणी बोरगावच्या फॅक्टरीत, एखाद-दुसऱ्याकडे थोडी शेती. रविवारी सगळे आले तरी चर्चचे मागचे बाक रिकामे राहतात. या एवढ्याशा मंडळीला (आमच्यात चर्चमध्ये जमणाऱ्या माणसांना मंडळी म्हणतात) किती लीडर लागावेत? आमच्या पास्टरसाहेबांचं उत्तर होतं, सगळे.

त्यामागे भीती होती. आदल्या वर्षी एका घराचं कोषाध्यक्षपद गेलं. त्या घरानं आपली बायकापोरं उचलली आणि पांढुर्ण्याच्या दुसऱ्या एका प्रार्थना हॉलमध्ये नेऊन बसवली. तिथे म्हणे पहिल्याच रविवारी त्यांना माईक मिळाला. पास्टर नवीन, वयानं लहान, बदली होऊन आलेले. त्यांनी धसका घेतला आणि डिसेंबरच्या बैठकीत जाहीर केलं, यंदा एकही माणूस जबाबदारीशिवाय राहणार नाही. आता पदं निर्माण करायला काय लागतं? तोंड. माईक प्रमुख झाले, माईक उपप्रमुख झाले. चपलांच्या व्यवस्थेला एक बाई मिळाल्या. पार्किंगला एक प्रमुख नेमले, ज्यांची स्वतःची मोटरसायकल ही बहुतेक रविवारी तिथली एकुलती एक गाडी असते. वॉटर कूलर प्रमुखही नेमले. भर थंडीत कूलरचा प्रमुख नेमणारी मंडळी मी दुसरी पाहिली नाही. आणि मला न विचारता मी प्रसिद्धी मंत्री झाले. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. ज्यांना कालपर्यंत एकमेकांचं तोंड पाहवत नव्हतं ते एकमेकांना "बधाई हो, प्रमुखसाहेब" म्हणत होते.

या सगळ्यात एकटी मावशी राहिली. ती काही नजरेआड झाली नव्हती. पास्टरांनी तिलाही विचारलं होतं. "ताई, तुम्ही कप-बशी प्रमुख व्हा."

मावशी म्हणाली, "कप तर मी धुऊनच राहिली इतक्या वर्षांपासून. त्याले पद कायले पाह्यजे? मले पद नोका देऊ. मले शुक्रवार द्या."

मावशी माझी सख्खी, आईची मोठी बहीण. राहते लोधीखेड्याला. हंगामात संत्र्याच्या शेडमध्ये माल निवडते, आणि तिथल्या गाड्यांच्या वर आवाज काढून काढून तिचा गळा असा झाला आहे की चर्चमध्ये तिनं प्रार्थना केली तर बाहेरच्या पानठेल्यावाल्यानंही आमेन म्हणावं. तिला कोणी गरीब बिचारी समजू नये. ती भांडते, जुनं उकरते, आणि लोकांच्या सुनांबद्दल असं काही बोलते की मीच इकडेतिकडे पाहायला लागते.

शुक्रवार म्हणजे फेलोशिप. दर शुक्रवारी संध्याकाळी मंडळीनं कोणाच्या तरी घरी जमायचं, भजनं म्हणायची, वचन वाचायचं, त्या घरासाठी प्रार्थना करायची, चहा घ्यायचा. कोणत्या घरी केव्हा, हे डिसेंबरच्या याच बैठकीत ठरतं. नियम असा की प्रत्येक घराला पाळी. वहिवाट अशी की ज्याच्या घरी सोफा त्याच्या घरी पाळी. ज्याच्या घरी सोफा नाही त्याच्यासाठी प्रार्थना होते, पण ती सोफ्यावर बसून.

मावशीला शुक्रवार हवा होता तो मावसाजींसाठी, म्हणजे तिच्या नवऱ्यासाठी. मावसाजी बोरगावला फॅक्टरीत माल चढवायला होते आणि रविवारी चर्चमध्ये ढोलक वाजवायचे. मग लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, खाट धरली. इकडे चर्चमध्ये कीबोर्ड आला, गाणी हळूहळू सगळी हिंदी झाली आणि ढोलक आतल्या खोलीतल्या कपाटावर चढली. मावसाजींचं मागणं एवढंच होतं: मंडळीनं एकदा आपल्या घरी यावं, जुनं मराठी भजन व्हावं, आणि ढोलक आपल्या हाताशी असावी. हे मागणं मावशी दर नव्या वर्षाला मांडायची आणि दर नव्या वर्षाला ते पुढच्या वर्षावर जायचं.

या खेपेला बैठकीत उत्तर द्यायला सेक्रेटरी उठले. सेक्रेटरी म्हणजे रस्त्यांचे ठेकेदार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. दोन्ही पेनांनी मी त्यांना कधी लिहिताना पाहिलेलं नाही.

"ताई, यायला आम्ही तयार आहोत. पण तुमच्याकडचा रस्ता खराब आहे."

"तुमीच त बनवला," मावशी म्हणाली.

लोकांनी भजनांच्या पुस्तकात तोंडं घातली. सेक्रेटरींना हसायची सवय नाही. ते म्हणाले, "शिवाय सध्या वातावरण ठीक नाही. उद्या कोणी तक्रार केली की इथे धर्म बदलून राहिले, तर? घरोघरी जमाव करणं बरं नाही."

"मागच्या शुक्रवारी तुमच्या बंगल्यावर जमलो, तवा वातावरण सुट्टीवर गेलं होतं का बाप्पा?"

ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. आमच्या भागात चार माणसं एका घरात डोळे मिटून बसली तरी बाहेर कोण उभं राहील सांगता येत नाही. पण जी भीती घरातलं फर्निचर पाहून लागते तिला मी भीती म्हणत नाही.

शेवटी खरं कारण आलं. सेक्रेटरी आवाज खाली आणून म्हणाले, "कोनाड्यात ती मूर्ती आहे ना अजून. ती काढा. मग बघू."

मूर्ती म्हणजे तळहाताएवढा बुद्ध. मावसाजींच्या आईचा. मावसाजी लग्नाआधी ख्रिस्ती होऊन चर्चमध्ये आले, त्यांची आई आली नाही. ती शेवटपर्यंत बौद्ध राहिली, मुलाच्याच घरी राहिली, आणि दर नाताळला अख्ख्या मंडळीच्या करंज्या तिनं तळल्या. ती गेली तेव्हा कोनाडा तसाच राहिला. मावसाजींना कोणी विचारलं की ते म्हणायचे, "आईचं आहे." लकव्यानंतर एवढं म्हणायलाही त्यांना श्रम पडतात, पण म्हणतात तेच.

"त्या बुढीच्या हातच्या करंज्या खाल्ल्या ना तुमी?" मावशीनं विचारलं.

"करंजी वेगळी, मूर्ती वेगळी," सेक्रेटरी म्हणाले. पास्टरांनी घाईनं डोळे मिटून समाप्तीची प्रार्थना सुरू केली. आमच्यात वाद संपवायची हीच पद्धत आहे. डोळे मिटलेल्या माणसाशी कोण भांडणार?

तर हे असं ठरून जानेवारीचा पहिला रविवार उजाडला. त्या दिवशी नव्या लीडरांना वेदीपुढे उभं करून त्यांच्याकडून वचन घेतात. वचन घ्यायला डी.एस. साहेब आले होते. म्हणजे आमच्या वरचे अधिकारी, आसपासची सगळी चर्चं त्यांच्या हाताखाली. उंच, थकलेले, हिंदी बोलणारे. मागच्या अंगणात भाड्याचा आचारी प्रीतिभोजाचा चिकन-रस्सा ढवळत होता, लेकरांना तिकडेच आधी जेवायला बसवलं होतं, आणि रश्श्याचा वास खिडकीतून सरळ वेदीपर्यंत येत होता. साहेबांचं अर्धं लक्ष वचनात होतं.

पास्टर नावं पुकारू लागले. ज्याचं नाव येईल त्यानं हातात पेटलेली मेणबत्ती घेऊन पुढे जायचं. सेक्रेटरी गेले, कोषाध्यक्ष गेले, महिला समितीच्या सगळ्या बाया नव्या साड्यांत गेल्या. माईकवाले, उपमाईकवाले, चपला, पार्किंग, कूलर. मी गेले. वेदीपुढची जागा केवढीशी! लोक एकमेकांच्या मेणबत्त्यांपासून पदर वाचवत अंग चोरून उभे होते. कोणीतरी मागून म्हणत होतं, "थोडं सरका न भाऊ, फोटोत नाही येऊन राहिलो."

डी.एस. साहेबांनी पुस्तकात पाहून आम्हाला विचारायचं ते विचारलं, आम्ही सगळ्यांनी मिळून जोरात होय म्हटलं. मग रीतीप्रमाणे ते मंडळीकडे वळले, कारण लीडरांनी वचन दिलं की मंडळीनं त्यांना स्वीकारायचं असतं. नजर पुस्तकातच होती.

"क्या मंडली इन अगुवों को स्वीकार करती है, और इनके साथ चलने का वचन देती है?"

कोणी काही बोललं नाही. साहेबांनी मान वर केली.

समोर बाक होते. नुसते बाक. खिडकीजवळच्या एका बाकावर डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर पिशवी ठेवून मावशी बसली होती. आणखी कोणी नाही. सगळी मंडळी लीडर होऊन वर येऊन उभी राहिली होती आणि हे महिनाभराच्या राजकारणात एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मावशीनं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मले विचारून राहिले का?"

"हो ताई," पास्टर घाईनं म्हणाले, "मंडळी म्हणून. होय म्हणा."

"मी एकटीच मंडळी?"

डी.एस. साहेब पहिल्यांदा थोडं हसले. "जी. आप ही हैं."

"मंग नाही," मावशी म्हणाली.

माझ्या हातातली मेणबत्ती हसण्यानं विझली. सेक्रेटरी पुढे सरकले. "ताई, मजाक बस झाला. मेण हातावर येऊन राहिलं."

"येऊ द्या."

"जेवण थंड होऊन राहिलं!"

"मी कुठं जेवाले अडवलं? जा, जेवा. पण मी हाव म्हणणार नाही." मग ती डी.एस. साहेबांकडे वळली आणि शेडमधल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "साहेब, हे सगळे माह्यासंग चालाचं वचन देऊन राहिले. आजपर्यंत लोधीखेड्यापर्यंत नाही चालले. माह्या घरचा माणूस खाटेवर पडून आहे, थो इथं येऊ शकत नाही. हे तिथं येत नाहीत. कायले? त्यायच्या मायची मूर्ती भिंतीत आहे म्हणून. मले सांगा, मी कोनाले स्वीकारू?"

साहेबांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी पास्टरांकडे, पास्टरांनी मेणबत्तीकडे. मग साहेबांना, मला वाटतं, एक सोपी वाट दिसली. ते म्हणाले, दोघा-तिघांनी खाली जाऊन बाकावर बसावं, मंडळी व्हावं, होय म्हणावं, म्हणजे विधी पुरा होईल.

आता मी जे सांगते ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कोणी उतरलं नाही. वेदीपासून बाकापर्यंत उतरायला एक पायरी आहे. कूलर प्रमुखांनी माईक प्रमुखांना कोपरानं ढोसलं, माईक प्रमुखांनी उपप्रमुखांना. महिला समितीच्या उपाध्यक्षा म्हणाल्या, "आमचं नाव त पुकारून झालं न." चपलांच्या बाई डोळे मिटून प्रार्थनेत गेल्या. मेण बोटांवर गळत होतं, लोक बोटं झटकत होते, फुंकत होते, पण त्या पायरीवरून एकही पाय खाली पडेना. नुसती मंडळी व्हायला एक माणूस तयार नव्हता! दिवसभर ज्या येशूच्या नावानं सेवक-सेवक करतात त्यानं शिष्यांचे पाय धुतले होते. यांना बाकावर पाच मिनिटं बसायची लाज.

मी उतरायला निघाले तर सेक्रेटरींनी माझी बाही धरली. "तू नको," ते दातांतून म्हणाले. "तू उतरलीस तर एकाचे दोन 'नाही' होतील."

रश्श्याचा वास आणखी दाट झाला. डी.एस. साहेबांनी पुस्तक मिटलं. "ठीक है. इस शुक्रवार की फेलोशिप बहनजी के घर. मैं खुद आऊंगा."

आणि काय चमत्कार! साहेब येणार म्हटल्यावर रस्ता सुधारला, वातावरण निवळलं. सेक्रेटरी म्हणाले, "आमचा विचार होताच, सर." पार्किंग प्रमुखांनी विचारलं, तिकडे गाड्या कुठे लावायच्या.

मावशी अजून बसूनच होती. "अन् मूर्ती?"

"उनकी माँ की है न? रहने दीजिए," साहेब म्हणाले. इतकी वर्षं अडलेली गोष्ट त्यांनी तांदळातला खडा काढावा तशी बाजूला केली. देवाच्या दयेनं की भुकेच्या, मला माहीत नाही.

"अन् ढोलक बी आणाची."

"हो, ढोलक पण," पास्टर म्हणाले.

"मंग हाव," मावशी म्हणाली. अशा रीतीनं आमच्या चर्चच्या सगळ्या लीडरांना संपूर्ण मंडळीनं एकमतानं स्वीकारलं.

शुक्रवारी डी.एस. साहेब आले नाहीत. दुसरीकडे बैठक निघाली असा त्यांचा फोन आला, पण तोपर्यंत सगळे लोधीखेड्याला पोचून अंगणातून घरात शिरले होते, आता उठून जायचं कसं? सेक्रेटरींनी एक फ्लेक्स करून आणला होता. प्रसिद्धी मंत्री मी, पण मला त्याचा पत्ता नव्हता. वर "नववर्ष नेतृत्व व फेलोशिप", एका कोपऱ्यात डी.एस. साहेबांचा फोटो, आणि खाली सगळ्या लीडरांची नावं पदांसकट. तो त्यांनी भिंतीवर लावला. नेमका कोनाड्यावर. का, तर म्हणे खिळा तिथेच आहे.

कोनाड्याखाली मावसाजींची खाट. त्यांनी मान तिरपी करून वर पाहिलं. बराच वेळ ओठ हलले, मग शब्द आला. "काढा."

कोणी काढेना. मावशी चहाचं पातेलं खाली ठेवून आली आणि एका हिसक्यात फ्लेक्स ओढला. एक कड टरकन फाटली. मग तिनं तो झटकून जमिनीवर पसरला. "बसा यावर. खाली गार आहे."

बसले! करतात काय? आपापल्या नावांवर आपापली बुडं टेकवून सगळे लीडर बसले. डी.एस. साहेबांच्या फोटोवर मात्र कोणी बसेना. दाटीवाटीतही तेवढा कोपरा अदबीनं रिकामा राहिला.

ढोलक मावसाजींच्या डाव्या हाताशी ठेवली. डाव्या हातानं फक्त खालचा, घुमणारा ठोका निघतो. वरचा ठोका द्यायला मावशी दुसऱ्या बाजूला बसली. तिला ताल अजिबात नाही. एक ठोका आधी, एक नंतर. मावसाजींनी त्रासून तिच्याकडे पाहिलं, तशी ती म्हणाली, "वाजवून राहिली न मी! तुमी गा." ते गायले. अर्धे शब्द तोंडातच राहिले, पण चाल कुठे चुकली नाही. बाकीच्यांना ते जुनं भजन येतच नव्हतं. ते ओठ हलवत होते. मंडळीचे एवढे लीडर, आणि गाण्यात पुढे एक लकव्याचा माणूस, त्याच्यामागे बेताल बाई.

भजन झालं, प्रार्थना झाली, चहा झाला. मावसाजींना बरं वाटलं का हे मी विचारलं नाही. निघताना सेक्रेटरी ढोलक उचलायला वाकले. "ही चर्चची प्रॉपर्टी आहे," ते म्हणाले. मावसाजींनी डावा हात ढोलकीवर टाकला आणि डोळे मिटून घेतले. आमच्यात वाद संपवायची पद्धत त्यांनाही माहीत होती. ढोलक तिथेच राहिली.

त्याच रात्री चर्चच्या ग्रुपवर फोटो आला. "लोधीखेडा येथे आजारी बंधूंची भेट." फोटोत सगळे लीडर हसत होते. कोनाडा येऊ नये म्हणून फोटो बाजूनं काढलेला, आणि कोनाड्याखाली खाट, त्यामुळे आजारी बंधू त्यात नव्हतेच. हा फोटो वरच्या ऑफिसला पाठवायला मला सांगितलं. मी पाठवला नाही, आणि पाठवला नाही हेही सांगितलं. त्यांनी दुसऱ्याकडून पाठवला.

मावशीनं माझ्या फोनवर तो पाहिला. बोटानं मोठा केला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला. "तुये मावसाजी कुठीसा आहेत यात?"

"नाहीत."

"अन् हे सगळे आहेत."

"सगळे."

"असू दे," ती म्हणाली. "त्यायले फोटो पाह्यजे होता. आपल्याले भजन पाह्यजे होतं."

मला हे पटलं नाही. अजून पटत नाही. माझा हात पर्च्याकडे जातो. पण ज्याच्यासाठी भांडायचं तो माणूस तिकडे डाव्या हातानं ढोलक वाजवत पडला असेल, तर पर्चा कोणाच्या वतीनं काढू?

पुढच्या रविवारी आराधना संपल्यावर पास्टर आणि सेक्रेटरी दोघं मिळून व्हरांड्यात आले. मावशी नळाजवळ बसून कप धूत होती. सेक्रेटरींनी घसा साफ केला. कमिटीनं विचार केला आहे, ते म्हणाले, लोधीखेडा विभागासाठी एक लीडर असावा, आणि ते पद ताईंनाच द्यावं. पास्टर म्हणाले, पुढच्या वर्षी तुम्हीसुद्धा आमच्यासोबत वर उभ्या राहाल, ताई.

मावशीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"मी वर आली, त मंग तुमाले बाकावरून हाव कोन म्हणन?"

तिनं हातातला ओला कप सेक्रेटरींच्या पुढे केला. "हे कपाचं पद तसंच पडून आहे पाहा. घ्या, पुसा."

सेक्रेटरींनी कप घेतला. आणि मान उंच करून व्हरांडाभर पाहू लागले, तो कोणाच्या हातात द्यावा म्हणून.